एका दुसऱ्या व्हायोलिनच्या आधाराने : 'कोला ए कोलिनेत' या फ्रेंच विनोदी ऑपेराचं प्रकरण

१४ जानेवारी १७९० रोजी आजच्या कॅनडातल्या माँट्रियालमध्ये 'कोला ए कोलिनेत' या तीन अंकी फ्रेंच विनोदी ऑपेराचा पहिला प्रयोग झाला. मुलूख ब्रिटिशांच्या ताब्यातला, प्रेक्षक फ्रेंच बोलणारे, आणि संहिता व संगीत दोन्ही एकाच माणसाचं : जोसेफ केनेल. ९ फेब्रुवारीला प्रयोग पुन्हा झाला. पुढे क्वेबेक शहरात १८०५ आणि १८०७ मध्येही तो झाला. आज आपल्याला जे ऐकायला मिळतं ते मात्र १९६३ मध्ये नव्याने उभं केलेलं रूप आहे, कारण मूळ संगीतातले गायकांचे कागद आणि दुसऱ्या व्हायोलिनचं, म्हणजे मुख्य व्हायोलिनच्या साथीला चालणाऱ्या व्हायोलिनचं, बाड एवढंच मागे उरलं होतं.

या ऑपेराच्या वाटेत दोन संकटं आली. पहिलं चर्चच्या विरोधाचं. ते गाजलं, पण काही आठवड्यांत निवळलं. दुसरं कागद जपण्याचं. त्याची त्या वेळी कुणाला जाणीवही नव्हती, आणि खरं नुकसान त्यानेच केलं.

पार्श्वभूमी

१७६० मध्ये माँट्रियाल ब्रिटिश फौजांच्या हाती गेलं आणि १७६३ च्या पॅरिस तहाने न्यू फ्रान्स या इथल्या फ्रेंच वसाहतीवर ब्रिटनची सत्ता कायम झाली. १७७४ च्या क्वेबेक कायद्याने कॅथलिक धर्म पाळायची मोकळीक आणि फ्रेंच दिवाणी कायदा राहू दिला. चर्चचं स्थान त्यामुळे टिकलं, पण ते राज्यकर्त्यांच्या मर्जीवर अवलंबून होतं. ब्रिटिश पलटणींतले अधिकारी हौसेने नाटकं करत. फ्रान्समधून व्यावसायिक मंडळी येईल अशी आशा नव्हती. फ्रेंच नाटक पाहायचं तर शहरातल्या फ्रेंच हौशी लोकांनीच ते उभं करायला हवं होतं.

केनेलचा जन्म १७४६ चा, ब्रिटनी किनाऱ्यावरच्या सँ-मालो या बंदरातला. पेशाने दर्यावर्दी आणि व्यापारी. १७७९ मध्ये अमेरिकन बंडखोरांसाठी माल घेऊन निघालेलं त्याचं जहाज ब्रिटिशांनी पकडलं. त्याला हॅलिफॅक्सला नेलं, तिथून तो क्वेबेकला आला, १७८० मध्ये माँट्रियालमध्ये लग्न केलं आणि जवळच्या बुशरव्हिलमध्ये स्थायिक झाला. १७८८-८९ मध्ये तो एकदा फ्रान्सला जाऊन आला. संगीत हा त्याचा छंद होता, पोटाचा धंदा नव्हे. त्याच्या कागदपत्रांचं पुढे काय झालं हे समजायला ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

ऑपेराचा बांधा 'ऑपेरा-कॉमिक'चा, म्हणजे गद्य संवाद आणि मध्ये मध्ये गाणी. सगळं गाऊन म्हणायचं नाही. आपल्या संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला ही रचना चटकन ओळखीची वाटेल. पात्रं पाच, गायनाचे तुकडे १४. कोला हा भोळा खेडूत, गावठी फ्रेंच बोलणारा. कोलिनेत ही जमीनदार दोलमाँ यांच्या आश्रयातली मुलगी. गावच्या न्यायाधिकाऱ्याचा, म्हणजे 'बायी'चा, तिच्यावर डोळा. वाटेतला काटा काढायला तो कोलाला लष्करात भरती करायचा डाव टाकतो, आणि शेवटी कोलिनेतच्या चलाखीपुढे स्वतःच तोंडघशी पडतो. उपशीर्षकच 'फसलेला बायी' असं आहे.

पहिली अडचण : चर्चच्या वेदीवरून

नोव्हेंबर १७८९ मध्ये केनेल, लुई द्युलाँप्रे, जोसेफ-फ्रांस्वा पेरो आणि आणखी काही मित्रांनी 'तेआत्र द सोसिएते' ही हौशी मंडळी काढली. चित्रकार द्युलाँप्रेने आपल्या घरात नाट्यगृह करून द्यायचं आणि पडदे, देखावे रंगवून द्यायचे, असा रीतसर करार झाला. पहिला प्रयोग २४ नोव्हेंबरला ठरला होता. त्याच्या दोन दिवस आधी, रविवारी २२ तारखेला, नोत्र-दाम चर्चचे धर्मगुरू लातुर-देझरी यांनी प्रवचनात नाटकावर तोफ डागली. नाटकाला जाणाऱ्याला पापमुक्ती नाकारली जाईल, असं त्यांनी बजावलं.

आजच्या वाचकाला ही धमकी पोकळ वाटू शकेल, पण तेव्हा तशी ती नव्हती. मंडळीतली माणसं शहरातली प्रतिष्ठित कुटुंबवत्सल माणसं होती, आणि प्रेक्षकही त्यांचेच नातलग. चर्चने दार लावून घेतलं तर त्याची झळ सगळ्या घराला बसायची. शिवाय या देशात जुना दाखला होता. १६९४ मध्ये बिशप सँ-व्हालिए यांनी मोलिएरचं 'तार्त्युफ' होऊ नये म्हणून गव्हर्नर फ्राँतनाक यांना १०० पिस्तोल (त्या काळचं चलन) मोजले होते, आणि त्यांचा विरोध यशस्वी झाला होता.

तेव्हाचे पर्याय

मंडळीपुढे चार वाटा होत्या. प्रयोग रद्द करायचे आणि घरगुती बैठकींवर भागवायचं. ब्रिटिश अधिकाऱ्यांकडे दाद मागायची. वर्तमानपत्रातून उघड भांडायचं. किंवा ठरलेल्या तारखांना शांतपणे पडदा वर न्यायचा.

पहिल्या वाटेने मंडळी तिथेच संपली असती. दुसरी वाट सोपी दिसते, पण फ्रेंच चर्चविरुद्ध इंग्रज सत्तेला मध्ये आणणं म्हणजे आपल्याच समाजात तोंड दाखवायला जागा न ठेवणं. प्रत्यक्षात तिसरी आणि चौथी एकत्र चालली. प्रयोग ठरल्याप्रमाणे सुरू झाले, आणि माँट्रियालच्या 'गॅझेट'मध्ये नाटकाच्या बाजूने आणि विरोधात पत्रांचा मारा झाला.

निर्णायक पाऊल मात्र चर्चच्या आतच पडलं. माँट्रियालहून क्वेबेकला बिशप युबेर यांच्याकडे सल्ला मागितला गेला आणि बिशपनी सबुरीचा मार्ग सुचवला. त्यामागचा हिशेब कळण्यासारखा आहे. इंग्रज अधिकारी स्वतः नाटकं करत असताना फ्रेंच प्रतिष्ठितांना वेदीवरून जाहीर ठोकलं तर तेच दुरावतील. १६९४ चा गव्हर्नर आपल्याच धर्माचा होता, १७८९ मध्ये तशी परिस्थिती राहिली नव्हती.

'कोला ए कोलिनेत' या वादानंतर सात आठवड्यांनी रंगमंचावर आला. त्याच्या कथेत बोट ठेवायला जागा फारशी नव्हती हेही महत्त्वाचं आहे. जमीनदार सज्जन, प्रेमिक निष्पाप, शिक्षा लंपट अधिकाऱ्याला, आणि लग्न पालकाच्या संमतीने. खिल्ली उडते ती न्यायाधिकाऱ्याची, धर्मगुरूची नाही. वातावरण तापलेलं असताना असा मजकूर निवडणं हा शहाणपणाचा निर्णय होता.

दुसरी अडचण : कागद

अठराव्या शतकातल्या हौशी मंडळीत संगीताचे कागद कसे फिरत हे आधी पाहू. रचनाकार पूर्ण स्वरलिपी लिहितो, तिच्यात सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक असतात. तिच्यावरून प्रत्येक वादकासाठी फक्त त्याच्या वाद्याची ओळ वेगळ्या बाडात उतरवली जाते. गायकाला त्याची ओळ आणि शब्द. प्रयोगात पूर्ण लिपी कुणाला लागतच नाही, कारण मंडळी पहिल्या व्हायोलिनच्या इशाऱ्यावर चालते. प्रयोग संपला की बाडं ज्याच्या त्याच्याकडे राहतात. सगळ्यात जास्त हाताळलं जातं ते पहिल्या व्हायोलिनचं आणि खालच्या स्वरांच्या, म्हणजे 'बास'च्या, वाद्याचं. मधल्या आवाजाच्या वाद्याकडे कुणी फारसं पाहत नाही.

पॅरिसमध्ये ग्रेत्री किंवा मोंसिन्यी यांचा ऑपेरा गाजला की पूर्ण लिपी तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापली जाई आणि विकली जाई. प्रती युरोपभर जात, त्यामुळे एखादी हरवली तरी काही बिघडत नसे. वसाहतीत ही सोयच नव्हती.

इथे एक वेगळा निर्णयबिंदू आहे आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्या काळच्या फ्रेंच विनोदी नाटकात गाण्यांना लोकांच्या ओठावरच्या जुन्या चाली लावण्याची रूढ पद्धत होती. पदावर 'अमुक गाण्याच्या चालीवर' एवढं लिहिलं की काम भागे. आपल्याकडे नाटकाच्या छापील पुस्तकात पदाच्या डोक्यावर 'चाल' लिहितात, तसंच. केनेलने ही पद्धत वापरली असती तर आज प्रश्नच उरला नसता, कारण त्या चाली पॅरिसच्या संग्रहांत छापलेल्या सापडतात. त्याने स्वतःच्या चाली बांधल्या. कलेच्या दृष्टीने ते धाडस होतं आणि या ऑपेराचं वेगळेपण त्यातच आहे. पण त्या धाडसामुळे त्या चालींचा एकमेव आधार म्हणजे त्याचे स्वतःचे हस्तलिखित कागद उरले.

मजकूर छापला, संगीत राहिलं

क्वेबेकमधल्या प्रयोगांच्या सुमारास केनेलने तिथल्या तरुण नटांसाठी अभिनयावर एक पद्यबद्ध उपदेश लिहिला. शब्दफेक, पाठांतर, हावभाव यांची त्याला काळजी होती. संहिताही छापायला गेली. क्वेबेकच्या जॉन नीलसन यांच्या छापखान्यातून ती निघाली, मुखपृष्ठावर १८०८ साल आहे. पुढे १८४८ मध्ये सुरू झालेल्या 'रेपेर्त्वार नासिओनाल' या कॅनडातल्या फ्रेंच साहित्याच्या संकलनात ती पुन्हा आली. शब्द अशा तऱ्हेने दोनदा छापले जाऊन टिकले.

संगीत का छापलं गेलं नाही? नीलसनच्या छापखान्याला स्वरचिन्हं अनोळखी नव्हती. १८०० मध्ये त्याने चर्चमधल्या गायनाचं 'ग्राद्युएल रोमँ' छापलं होतं, आणि कॅनडात छापलेलं ते पहिलं संगीताचं पुस्तक मानलं जातं. पण ते धर्मगायनाचं, एकाच ओळीचं लेखन. त्यासाठीच्या खिळ्यांनी वाद्यवृंदाची लिपी जुळत नाही. त्यात एकाखाली एक ओळी लागतात, वेगवेगळ्या लांबीचे स्वर, जोडरेघा, विराम लागतात. त्याला कोरीव काम किंवा संगीताचे खास खिळे हवेत, आणि दोन शहरांतल्या मूठभर प्रेक्षकांसाठी तो खर्च निघणं शक्य नव्हतं. कवीला या देशात किंमत नाही अशी तक्रार केनेलने पद्यातून केली आहे. संगीतकाराची अवस्था त्याहून वाईट होती. ३ जुलै १८०९ रोजी तो वारला.

शेवटी गायकांचे कागद आणि दुसऱ्या व्हायोलिनचं बाड एवढंच क्वेबेकच्या सेमिनारीच्या, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेच्या, दप्तरात टिकलं.

१९६३ : पुन्हा उभं करताना

टोरोंटोत 'टेन सेंच्युरीज कॉन्सर्ट्स' या नावाने कमी ऐकलेलं जुनं-नवं संगीत सादर करणारी मालिका १९६२ मध्ये सुरू झाली होती. तिच्यासाठी संगीतकार गॉडफ्री रिडाउट यांनी या कागदांवरून ऑपेरा पुन्हा बांधला आणि १९६३ मध्ये तो तिथे झाला.

अशा वेळी हातात असलेलं एकटं दुसरं व्हायोलिन नेमकं काय सांगतं आणि काय सांगत नाही, हे जरा जवळून पाहण्यासारखं आहे.

पहिली गोष्ट लांबी. गायकाच्या कागदावर सुरुवातीला नुसता विरामाचा आकडा असतो : इतके ताल-खंड थांब, मग गा. त्या जागेत काय वाजतं ते गायकाला कळत नाही. व्हायोलिनच्या बाडात तीच जागा पूर्ण लिहिलेली असते. त्यामुळे प्रास्ताविक वादन किती लांब, दोन कडव्यांमधला तुकडा किती, शेवट कुठे, हे खात्रीने ठरतं. दोन्ही कागदांची मोजणी जुळली नाही तर एकतर नक्कल करणाऱ्याची चूक असते किंवा एखाद्या प्रयोगात केलेली काटछाट. म्हणून स्वर जुळवायच्या आधी सगळे तुकडे नुसते मोजून घ्यायचे असतात. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळलं की पुढे आठवड्यांची मेहनत वाया जाते.

दुसरी गोष्ट पोत. दुसरं व्हायोलिन कधी गाण्याच्या खाली तिसऱ्या स्वरावर समांतर चालतं, कधी एकाच स्वराची ठेक्यात पुनरावृत्ती करतं, कधी स्वरसमूह तोडून खालीवर फिरवतं. त्यावरून बाकी वाद्यांचा नूर कळतो. जोराच्या आणि हळू वाजवण्याच्या खुणाही उपयोगी पडतात. 'हळू' अशी खूण जिथे येते तिथे बहुधा गायक प्रवेश करतो.

खरी अडचण स्वरमेळात येते. समजा गायक 'सा'वर आहे आणि दुसरं व्हायोलिन 'ग'वर. खाली बासने 'सा' धरला तर प्रसन्न, स्थिर मेळ बनतो. त्याच दोन स्वरांखाली 'ध' धरला तर मेळ उदास होतो. हातातला कागद दोन्हींना तितकाच आधार देतो. वाक्याच्या शेवटी, जिथे 'प'वरून 'सा'वर उतरायचं असतं, तिथे फारसा प्रश्न येत नाही, त्या काळचे संकेत पक्के आहेत. वाक्याच्या मधोमध मात्र पुनर्रचनाकाराला स्वतःच्या कानावर निर्णय घ्यावा लागतो, आणि अशा जागा प्रत्येक गाण्यात येतात.

पहिल्या व्हायोलिनचा प्रश्न त्या मानाने सोपा. तेव्हाच्या फ्रेंच गाण्यांत ते पुष्कळदा गायकाचीच ओळ वाजवतं, आणि प्रास्ताविक वादनात गाण्याची पहिली ओळ आधी ऐकवतं. तिथे गाण्यातून स्वर उचलता येतात. ओव्हर्चरची, म्हणजे पडदा उघडण्याआधीच्या वादनाची, गोष्ट निराळी. गायकाची ओळच नसल्याने तिथे आधार तुटतो. रिडाउट यांनी ते स्वतः लिहिलं.

रिडाउट यांच्यापुढचे पर्याय

संहितेचं नुसतं वाचन आणि गाणी निव्वळ पियानोवर, हा सर्वांत प्रामाणिक आणि सर्वांत कोरडा मार्ग होता. आधुनिक पद्धतीने मोकळी पुनर्रचना करणं हा दुसरा. तिसरा, १७९० च्या चौकटीत राहून रिकाम्या जागा भरणं. त्यांनी तिसरा घेतला, आणि माझ्या मते तोच योग्य होता.

तरी त्यातही एक धोका असतो. १७९० म्हटलं की कानात मोझार्ट वाजू लागतो. केनेलच्या पहिल्या प्रयोगानंतर बाराव्या दिवशी, २६ जानेवारीला, व्हिएन्नात मोझार्टचा ऑपेरा 'कोझी फान तुत्ते' पहिल्यांदा झाला. पण केनेलचा नमुना व्हिएन्नाचा नव्हता. त्याच्यासमोर फ्रेंच ऑपेरा-कॉमिक होता : छोट्या सरळ चाली, साथ हलकी, शब्द स्पष्ट ऐकू येणं सर्वांत महत्त्वाचं. आणि वाजवणारे माँट्रियालचे हौशी लोक. इथे भरगच्च वाद्यवृंद घातला की कोलाचा भोळेपणा त्याखाली चिरडला जातो. साथीत प्रत्येक स्वर भरायचा मोह आवरणं हीच इथली खरी कसोटी.

परिणाम

१९६३ नंतर 'कोला ए कोलिनेत' पुन्हा गायला जाऊ लागला. १९७४ मध्ये गायन आणि पियानोसाठीची प्रत छापली गेली, आणि मूळ संगीताला जे १८४ वर्षांत लाभलं नव्हतं ते लाभलं : एकाहून अधिक ठिकाणी असलेली प्रत. उत्तर अमेरिकेत रचलेल्या सुरुवातीच्या ऑपेरांमध्ये त्याचं नाव आता घेतलं जातं ते या पुनर्रचनेमुळेच.

तुलनेसाठी केनेलचाच दुसरा ऑपेरा 'ल्युका ए सेसिल' पाहावा. त्याचे फक्त गायकांचे कागद उरले, वाद्याचं एकही बाड नाही. संगीतकार जॉन बेकविथ यांनी १९८९ मध्ये त्याची पुनर्रचना केली, पण तिथे साथीची प्रत्येक ओळ त्यांना स्वतःहून सुचवावी लागली. दुसऱ्या व्हायोलिनच्या एका बाडाने किती काम वाचवलं हे या जोडीवरून नीट दिसतं.

काय वेगळं करता आलं असतं

१७८९ मध्ये धर्मगुरूंची नाराजी कळण्यासाठी रविवारच्या प्रवचनाची वाट पाहावी लागली. पहिल्याच प्रयोगाची संहिता आधी दाखवली असती तर वाद बंद खोलीत मिटला असता का? शंका आहे. लातुर-देझरींचा आक्षेप एखाद्या नाटकाला नसून नाटक करण्यालाच होता. त्यामुळे मंडळीने जे केलं त्यात बदल सुचवायला फार जागा नाही.

कागदांच्या बाबतीत मात्र आहे. पूर्ण लिपी छापणं परवडत नव्हतं, हे मान्य. पण गाण्याची ओळ आणि तिच्याखाली बासची ओळ, अशी दोन ओळींची सार-प्रत हाताने उतरवायला फार कागद लागत नाही. १४ तुकड्यांची अशी प्रत छापील संहितेच्या बरोबर दुसऱ्या जागी ठेवली असती, तर 'सा' आणि 'ध' यांतला वरचा पेच पडलाच नसता. दुसऱ्या व्हायोलिनऐवजी बासचं बाड वाचलं असतं तरीही पुनर्रचना कितीतरी पक्क्या पायावर झाली असती. बास आणि गाणं हातात असलं की मधले स्वर सहसा सापडतात. मधला स्वर आणि गाणं हातात असेल तर बास सापडेलच असं नाही.

आज हा ऑपेरा करणाऱ्या मंडळींसाठी दोन कामं बाकी आहेत. गद्य संवाद कापायचे असतील तर आधी गावठी आणि शहरी फ्रेंचमधला फरक कोणत्या ओळींत दिसतो ते खुणावून घ्यावं, कारण काटछाटीत पहिला बळी त्याच ओळींचा जातो आणि मग कोला नुसता बावळट दिसतो. आणि वादकांच्या प्रतीत केनेलच्या हस्तलिखितातले स्वर मोठ्या आकारात, पुनर्रचनेत भरलेले स्वर लहान आकारात छापावेत. एखाद्या ताल-खंडाखालचा बास बदलून पाहावासा वाटला, तर ती जागा मूळची आहे की १९६३ ची, हे वादकाला पानावरच दिसेल.